अ‍ॅव्हरेजपायी पिस्टन

पेट्रोल वाचवायला गेलो आणि इंजिन बोअर करून बसलो. नवा पिस्टन, रिंगा, बोअरिंग आणि मजुरी यांची बेरीज वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट झाली. जुन्या टू-स्ट्रोक गाडीला दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचा बेत कुणाच्या डोक्यात शिजत असेल, तर त्याने आधी माझे प्रताप वाचावेत.

गाडी येझदी २५०, ऐंशीच्या दशकातली. नोकरीसाठी मैसूरला आल्यावर इथेच घेतली. येझदी घ्यायची तर मैसूरसारखं गाव नाही. यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१ पासून १९९६ पर्यंत आधी जावा आणि मग येझदी बाहेर पडत होत्या. कारखाना कधीचाच बंद झाला, पण या गाड्या डोळे मिटून खोलणारे मिस्त्री शहरात अजून आहेत. त्यांच्याकडे न जाता मी पाने स्वतःच हातात घेतले.

गाडीचं दुखणं असं होतं: सकाळी किक मारून घाम फुटायचा, आयडलिंग एका जागी ठरायचं नाही आणि थ्रॉटल सोडला तरी सिग्नलला इंजिन आपसूक रेस व्हायचं. कार्बोरेटर उघडला तेव्हा स्लाइड झिजलेली दिसली. झालं, सगळा दोष त्याच्या माथी मारून मी मोकळा झालो. इंजिनात दुसरीकडून कुठून हवा शिरते आहे का, हे पाहिलंच नाही. पुढच्या सगळ्या चुका या एका चुकीच्या पोटातल्या.

जुन्या कार्बोरेटरच्या जागी आरएक्स १००चा मिकुनी लावायचं ठरवलं. स्वस्तात मिळत होता आणि त्याचा गळा २० मिलिमीटरचा. गळा लहान म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे अ‍ॅव्हरेज जास्त, असं माझं गणित. तो कार्बोरेटर ९८ सीसीच्या इंजिनासाठी आहे आणि माझं इंजिन जवळपास २५० सीसीचं, ही गोष्ट मी सोयीस्करपणे बाजूला ठेवली. जोडायचा फ्लँज लेथवर करून घेतला. पॅकिंगसाठी कपाटातली जाडजूड लग्नपत्रिका कापली. पेट्रोलने भिजून ती मऊ पडणार आणि कडेने हवा ओढली जाणार, हे तेव्हा सुचलं नाही.

फिल्टरचा डबा नव्या कार्बोरेटरला बसेना, म्हणून काढून टाकला. मेन जेटही एक नंबर लहान घातलं. त्यामागे माझी थिअरी होती: मैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचावर, इथली हवा विरळ, मग पेट्रोलही कमीच लागणार. थिअरी चुकीची नव्हती. पण ही गाडी मुळात याच गावात, माझ्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर बनली होती. तिला मैसूरची हवा मी काय शिकवणार!

अ‍ॅव्हरेज मात्र वाढलं. तिशीतली गाडी चाळिशीकडे सरकली आणि मी ऑफिसात भाव खाऊ लागलो. चढाला दम लागायचा, भर थ्रॉटलला इंजिनातून बारीक टणटण यायची, पण तिकडे कानाडोळा केला. प्लगही पाहिला होता. छान कॉफीच्या रंगाचा निघाला. फक्त तो मी घरी येऊन, गाडी अंगणात निवांत आयडलला ठेवून मग काढला होता. तो रंग आयडलिंगचा. भर वेगात आत काय चाललंय, ते त्याला विचारून काय उपयोग?

शेवटी टणटण वाढली तेव्हा पेट्रोल थोडं वाढवू म्हणून बसलो आणि दोन्ही हातांनी उलटं काम केलं. निडलची क्लिप एक खाच वर सरकवली. क्लिप वर गेली की निडल खाली बसते आणि पेट्रोलची वाट आणखी अरुंद होते. मग बाजूचा स्क्रू बाहेर सोडला. काही गाड्यांत तो पेट्रोलचा असतो, या कार्बोरेटरात हवेचा. बाहेर सोडला की हवाच वाढते. म्हणजे औषध म्हणून मी दुखणंच पाजत होतो.

टू-स्ट्रोकमध्ये हे जिवावर बेततं, कारण पिस्टनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. टाकीत पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं, आणि कमी पेट्रोलचं मिश्रण इंजिन तापवतं ते वेगळंच. तापमान वर, वंगण खाली.

चामुंडी टेकडीच्या चढावर व्हायचं ते झालं. भर थ्रॉटलला गाडी अचानक जड झाली, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी, आणि मागचं चाक किंचाळत घासलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन गार झाल्यावर किक खाली गेली, पण आत खरखर होती.

मंडी मोहल्ल्यातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी टेम्पोतून नेली. चाचांनी बॅरल उपसलं आणि न बोलता पिस्टन माझ्या हातात दिला. एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, एक रिंग खाचेतच चिकटलेली, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम बॅरलच्या भिंतीला पुसलं गेलेलं. लग्नपत्रिकेचा लगदा चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "सर, हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच, चाचा." मग त्यांनी डायनॅमो उतरवून मागचं ऑइल सील दाखवलं. रबर वाळून कडक झालं होतं, क्रँकला धरतच नव्हतं. हवा पहिल्या दिवसापासून तिथून शिरत होती. जुना कार्बोरेटर बिचारा बऱ्यापैकी निर्दोष होता.

दोन्ही सीलं बदलली, बोअर केलं, ओव्हरसाइज पिस्टन बसवला. जुन्याच कार्बोरेटरला नवी स्लाइड घातली आणि फिल्टरचा डबा जागेवर आला. रनिंग-इन झाल्यावर चाचांनी जेट ठरवलं ते असं: रिकाम्या रस्त्यावर भर थ्रॉटलला गाडी पळवायची, तशीच क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि जागेवर प्लग काढायचा. पांढरा निघाला की जेट मोठं. एका वेळी एकच बदल, आणि सुरुवात नेहमी जास्त पेट्रोलकडून. त्यांनी कंपनीच्या जेटपेक्षा एक नंबर मोठंच ठेवलं. याचं कारण पंपावरचं पेट्रोल. १ किलो साध्या पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे जुनं जेट तेच ठेवलं, तर आज तेही कमीच पडतं.

तेव्हा गाडी रेस होते, आयडलिंग धरत नाही, म्हणून कार्बोरेटर बदलायला निघाला असाल, तर आधी ऑइल सील आणि पॅकिंग तपासून घ्या. ते काम शे-दोनशेच्या मालात होतं. माझी येझदी आता लिटरला तीसच्या आतबाहेर देते, आणि तिला तेवढंच शोभतं. तुमची एकाएकी जास्त द्यायला लागली, तर पेढे वाटण्याआधी प्लग काढून बघा.