एक सेल काढून

मे महिन्यातली दुपार. धरमपेठेतल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि टेबलावर टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेला होता. दादानं अमेरिकेहून आणलेला. बारावीच्या बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, पोरं लॉग टेबलावरच पेपर सोडवतात. पण समीकरणातला ए बदलला की पॅराबोला कसा फाकतो नि मिटतो, हे त्याच्या ९६ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्यावर झटकन दिसतं.

त्यात नवी सिस्टीम टाकायला घेतली. जुनी पुसली गेली, नवी निम्मी चढली आणि लाइन गेली! कूलर थांबला, कॉम्प्युटर विझला. कॅल्क्युलेटर सेलवर चालणारा, तरी त्याचाही पडदा कोरा. ऑन दाबून दाबून बोट दुखलं.

‘‘मॅडम, हे तं कामातून गेलं,’’ समोरचा पोरगा म्हणाला.

बर्डीवरच्या एका मोबाईलवाल्यानं तो उलटापालटा करून परत दिला. रात्री दादाला फोन लावला, त्याच्याकडे सकाळ.

‘‘घाबरू नको गं. एक सेल काढ. डिलीटचं बटण दाबून धर आणि तसंच धरून सेल परत बसव.’’

मग त्यानं समजावलं. मेमरीचा एक छोटा कोपरा कुलूपबंद असतो, बूट कोडचा. सिस्टीम बदलताना त्याला हात लागत नाही. त्याला फार काही येत नाही. नवी सिस्टीम मागायची, कंपनीची डिजिटल सही तपासायची, एवढंच. डिलीट दाबून धरलं की यंत्र थेट त्याच्याकडे जातं.

दुसऱ्या दिवशी आधी चारही ट्रिपल ए सेल नवे घातले. मग त्यांतला एक काढला. पोरानं अंगठ्यानं डिलीट दाबून धरलं, मी नखानं सेल खोबणीत सरकवला. पडद्यावर ‘वेटिंग...’ उमटलं आणि खाली सॉफ्टवेअर टाकायची सूचना. लाइन गेल्यानं बेशुद्ध पडलेलं यंत्र लाइन तोडल्यावरच शुद्धीवर आलं होतं! या खेपेला वायर लॅपटॉपला जोडली आणि सिस्टीम पूर्ण चढेपर्यंत दोघांनी टेबलाला धक्काही लागू दिला नाही.

सुरू झाल्यावर पहिली ओळ आली, ‘रॅम क्लिअर्ड’. मी लिहिलेला वर्गसमीकरणाचा प्रोग्राम गेला होता.

‘‘मी टाकतो मॅडम,’’ म्हणत पोरानं तो नव्यानं लिहिला. ए १, बी उणे ५, सी ६ दिले. उत्तर ३ आणि २. स्वारी खूश. मी तेच समीकरण दुपटीनं द्यायला सांगितलं: २, उणे १०, १२. उत्तर तेच यायला हवं. आलं १२ आणि ८.

‘‘अजून बिघडलेलाच आहे हा!’’

मी त्याची ओळ पाहिली. शेवटी ‘भागिले २ए’ होतं, कंसाशिवाय. यंत्रानं आधी दोननं भागलं, मग एनं गुणलं. सांगितलं तसंच केलं होतं बिचाऱ्यानं. पोरानं जीभ चावली आणि २ए भोवती कंस घातला.