चौघे आणि ते तेरा

मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. जगन्नाथ शिंदे. श्रीकिसन सारडा. सोलापुरात ही नावं रिक्षावाल्याला सांगावी लागत नाहीत. ‘चार पुतळा’ म्हटलं की झालं. खाली हॉर्न, धूळ, गर्दी. वर ते चौघे.

मे १९३०. गांधीजींना पकडलं आणि गिरणीच्या भोंग्यावर उठणारं हे गाव पेटलं. ८ तारखेला शिंदीची झाडं तोडली गेली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली. पोलीस निघून गेले आणि पुढले तीन दिवस गावानंच गाव सांभाळलं. साम्राज्याला जाळपोळीपेक्षा हेच जास्त झोंबलं असावं. १२ तारखेला मार्शल लॉ आला. डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली.

मार्शल लॉ अजून उठायचा होता, तेव्हाची गोष्ट. १७ जूनची पहाट, दूर पूर्वेला तोंकिनमधलं येन बाय. तोंकिन, अन्नाम, कोचीनचायना, कंबोडिया, लाओस यांना एका दावणीला बांधून फ्रेंच त्याला इंडोचायना म्हणत. फेब्रुवारीत येन बायच्या छावणीत देशी शिपाई उठले; बंड लगेच मोडलं. को आम गावावर तर विमानांतून बॉम्ब टाकले. त्या पहाटे तेरा जण एकामागून एक गिलोटिनखाली गेले. त्यांचा नेता न्गुयेन थाय होक शेवटी. आधीच्या बारांचं मरण संपेपर्यंत त्याला थांबावं लागलं. त्याची वाग्दत्त वधू न्गुयेन थी झांग. दुसऱ्याच दिवशी तिनं स्वतःवर गोळी झाडून घेतली.

शाळेत आम्ही फ्रेंच राज्यक्रांतीचं १७८९ घोकलं होतं. स्वातंत्र्य, समता, बंधुता. राजाचं मुंडकं उडवणारं त्या क्रांतीचं यंत्र पुढं कुणाच्या मानेवर चाललं, हे मात्र परीक्षेला नव्हतं.

कुर्बानभाई, तुम्ही ‘गझनफर’ हे वर्तमानपत्र काढत होतात. येन बायची तार तुमच्या टेबलावर आली असती, तर पहिल्या पानावर घेतली असतीत. पण तेव्हा सोलापुरात छापायचं काय, हे लष्कर ठरवत होतं. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात तुम्हा चौघांना फाशी झाली.

इंग्रजांचं राज्य कायद्याचं होतं, असं अजून कुणी कुणी सांगतं. खटला फ्रेंचांनीही चालवला होता. १९५४ मध्ये ते दिएन बिएन फूला हरले, पाँडिचेरीतून करार करून गेले. दर १२ जानेवारीला चौकात हार पडतात, भाषणं होतात. त्यांत येन बायचं नाव मी कधी ऐकलं नाही. मला ते तेरा त्या चौघांच्या भाऊबंदांतलेच वाटतात.