तेराचा आकडा

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहे आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी अशी दोन गावे वसली आहेत. अष्टमी म्हणजे पंधरवड्यातील आठवी तिथी. या आठाच्या आकड्याने एके काळी कंसाची झोप उडविली होती. कारण देवकीचे आठवे अपत्य त्याचा काळ ठरणार होते. त्याच आठव्या अपत्याचा जन्मदिवस महाराष्ट्रात गोकुळाष्टमी म्हणून थाटाने साजरा होतो. आकडा एकच, परंतु कंसाला तो भयाचा, तर इतरांना उत्सवाचा!

पाश्चात्त्य देशांत असे भय तेराच्या आकड्याचे आहे. तिकडील कित्येक उंच इमारतींत बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा मजला येतो. मजला अर्थातच तेरावा असतो; बदललेली असते ती केवळ पाटी. लंडनमधील सॅव्हॉय या प्रसिद्ध हॉटेलाने तर १९२० च्या दशकात लाकडाचे एक काळे मांजर कोरून घेतले. मेजवानीला नेमकी तेरा माणसे जमली, की गळ्याला रुमाल बांधून त्या मांजराला चौदाव्या खुर्चीवर बसवीत आणि त्याच्यापुढेही पदार्थ वाढीत. मौज अशी, की आडवे गेलेले काळे मांजर अमेरिकेत कित्येकांना अपशकुनी वाटते, तर इंग्लंडात पुष्कळ लोक तेच भाग्याचे मानतात. इटलीत धास्ती असते ती सतराची. महाराष्ट्रात मात्र दिवाळीतील तेराव्या तिथीला, म्हणजे धनत्रयोदशीला, घरोघरी दिवे लागतात.

अशा समजुती गमतीच्या वाटतात. परंतु संकटाच्या वेळी त्या घातक ठरतात. आकड्याला किंवा नशिबाला दोष दिला, की खरे कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

११ एप्रिल १९७० रोजी 'अपोलो-१३' हे अमेरिकेचे यान तिघा अंतराळवीरांना घेऊन चंद्राकडे निघाले. १३ एप्रिल रोजी त्यातील प्राणवायूची एक टाकी फुटली. चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून मोठ्या शर्थीने तिघेही १७ एप्रिलला सुखरूप परतले. 'हा तेराचाच प्रताप' असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. परंतु चौकशी मंडळाने कसून तपास केला. टाकीतील उष्णतेचे नियंत्रण करणारी कळ २८ व्होल्टच्या विजेसाठी बनविलेली होती. उड्डाणापूर्वीच्या तयारीत तिच्यातून ६५ व्होल्टची वीज गेली. कळ निकामी झाली, टाकी अतिशय तापून तारांवरील आवरण जळाले आणि पुढे प्रवासात ठिणगी पडली. दोष सापडला, म्हणूनच पुढील यानांतून तो काढून टाकता आला.

रायगड जिल्ह्यानेही असाच एक शोध पाहिला आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. घरची माणसे मांत्रिकाकडे धाव घेत. मंत्राचा उपयोग झाला नाही, तर नशिबाला बोल लावून गप्प बसत. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी रुग्णांजवळ बसून बारकाईने नोंदी ठेवल्या. या विषाने हृदय दुबळे होते आणि फुप्फुसांत पाणी साचते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी अशा रुग्णांना देऊन पाहिले, आणि मरणाच्या दारातील मुले हसत घरी जाऊ लागली. २०२२ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

विंचवाला तिथी कळत नाही आणि तारेला आकडा वाचता येत नाही. दंश झालेल्या मुलाच्या दृष्टीने मोलाची असते ती वेळ. ती मांत्रिकाच्या अंगणात घालवायची, की तडक दवाखाना गाठायचा, हे ठरविणे मात्र माणसाच्या हाती असते.