नानांचा कॉम्प्युटर आणि मुकं बटण

मित्रांनो, वापरात तर नाही, पण टाकूनही देववत नाही, अशी एखादी वस्तू तुमच्या घरात आहे का? आमच्या घरात होती. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, नानांच्या खोलीतल्या खिडकीखालच्या टेबलावर, आईनं शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली ती गुपचूप बसलेली असे. नानांचा कॉम्प्युटर!

नाना म्हणजे माझे वडील. २००७ साली ते निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी पहिली खरेदी केली ती ही. साठीला टेकलेला माणूस दोन बोटांनी टकटक करत मराठी टाइप करायला शिकला आणि रोज सकाळी चहा झाला की तासभर लिहायला बसू लागला. कशाबद्दल? तर पानशेतच्या पुराबद्दल.

पुण्यातल्या मुलांनी आजी-आजोबांकडून या पुराबद्दल ऐकलं असेलच. १२ जुलै १९६१ चा दिवस. पानशेतचं नवं धरण सकाळी फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या धरणावर येऊन आदळलं आणि तेही फुटलं. बघता बघता मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नाना तेव्हा १२ वर्षांचे होते आणि नारायण पेठेत राहत होते. घरातली माणसं वाचली. पण घर पडलं आणि घरातले सगळे कागद गेले. फोटो, पत्रिका, माझ्या आजोबांच्या वह्या, नानांची शाळेची पुस्तकं, काही म्हणजे काही उरलं नाही.

"म्हणून तर यात लिहितोय," नाना कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणत, "कागद पाण्यात विरघळतो. हा नाही विरघळत!"

पुढे नानांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. अक्षरं दिसेनात. लिहिणं थांबलं, कव्हर चढलं. मी म्हणायचो, "नाना, तुमचं लिखाण दुसरीकडे उतरवून ठेवतो हं." कधी? तर उद्या! आणि हा 'उद्या' तब्बल आठ वर्षं चालला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आवराआवर निघाली. खाली भंगारवाल्याची हाळी ऐकू आली आणि नाना स्वतःच म्हणाले, "तेवढा कॉम्प्युटर देऊन टाका आता. पण त्याआधी माझं लिखाण एकदा वाचून दाखवा. कुठपर्यंत लिहिलं होतं तेच आठवत नाही."

मी कव्हर काढलं, धूळ पुसली, पिन लावली, बटण दाबलं. काही नाही. पंख्याची घरघर नाही, समोरचा दिवा नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. ढिम्म!

"गेला," मी जाहीर करून टाकलं. "एसएमपीएस जळला असणार."

"ते काय असतं, बाबा?" माझ्या मुलीनं, मुक्तानं विचारलं. ती आठवीत आहे.

मी ऐटीत सांगितलं, "आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची वीज असते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना एवढी वीज मिळाली तर ते जळून जातील. म्हणून मागच्या बाजूला एक पत्र्याची पेटी असते. ती त्या विजेची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज करून आत वाटते. स्वयंपाकघरात भाकरीचे घास करून लेकराला भरवतात ना, तसं."

"ती पेटीच बिघडलीय हे तू न बघताच कसं सांगतोस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुक्तानं मात्र तोवर वही आणली, पानावर मधोमध रेघ मारली. एकीकडे लिहिलं 'काय केलं' आणि दुसरीकडे 'काय झालं'. म्हणाली, "विज्ञानाच्या प्रयोगात असंच लिहितो आम्ही. सोप्यापासून सुरुवात करू."

पहिला प्रयोग, सॉकेटचा. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावला. लागला. म्हणजे वीज येत होती.

दुसरा, एक्स्टेन्शन बोर्डाचा. तो मधून काढून टाकला आणि पिन थेट भिंतीत लावली. काही फरक नाही.

तिसरा, वायरीचा. मॉनिटरचीही वायर अगदी तशीच असते. मॉनिटरचा दिवा लागत होता, म्हणजे त्याची वायर चांगली. ती कॉम्प्युटरला लावून पाहिली. तरीही काही नाही.

चौथ्या वेळी मुक्ता टेबलाखाली शिरली आणि ओरडली, "बाबा, मागे अजून एक बटण आहे आणि ते बंदच आहे!" खरंच की! एसएमपीएसच्या पाठीवर एक काळं बटण असतं, शून्य आणि उभी रेघ अशा खुणा असलेलं. ते शून्यावर होतं. कुणीतरी आठ वर्षांपूर्वी शिस्तीत बंद करून ठेवलं असणार. मी रेघेकडे दाबलं. आता नक्की! असं म्हणून समोरचं बटण दाबलं. ढिम्म ते ढिम्मच.

मी वैतागलो. म्हटलं, आतल्या सगळ्या वायरी एकदा हलवूनच टाकू. मुक्तानं मला अडवलं. "एका वेळी एकच! सगळं एकदम हलवलंस तर चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळणार कसं?"

त्याच काळ्या बटणाशेजारी एक छोटा लाल खटका होता, त्यावर २३० हा आकडा दिसत होता. जुन्या एसएमपीएसवर असा खटका असतो. दुसऱ्या बाजूला तो ११५ वर जातो. ती सोय अमेरिकेसारख्या देशांसाठी असते. आपल्याकडे तो ११५ वर नेऊन वीज लावली तर मोठा आवाज होऊन पेटी खरोखरच जळू शकते. म्हणून तो नुसता पाहिला, हात लावला नाही.

पाचवा आणि शेवटचा प्रयोग: पिन काढून समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, आत साठून राहिलेली वीज निघून जावी म्हणून. मग पुन्हा पिन लावली. उपयोग शून्य.

इथे आम्ही थांबलो. मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. पिन काढली तरी एसएमपीएसच्या आत काही काळ धोकादायक वीज साठलेली असते. ती पेटी कधीही उघडायची नाही. ते जाणकाराचंच काम.

रात्री नानांना दूध द्यायला गेलो तर ते अंधारातच बसलेले. म्हणाले, "राहू दे रे. एकदा पाण्यानं नेलं, आता हे असं गेलं. नशिबात नसतं एखाद्याच्या."

मला एकही शब्द सुचला नाही. दोष नशिबाचा नव्हता, माझ्या 'उद्या'चा होता.

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. नाव तपकिरीचं, पण शिंक येत नाही. दोन्ही बाजूंना वायरी, दिवे, स्पीकर, पंखे, काय हवं ते! एका अरुंद जिन्याखाली दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. सोल्डरिंगचा वास, कपाळावर चष्मा चढवलेले एक काका. मी म्हटलं, "एक एसएमपीएस द्या."

काकांनी मान वर केली. "जुना गेला हे कुणी सांगितलं?"

"चालू होत नाही ना!"

"माणूस बोलत नाही म्हणून लगेच जीभ नाही म्हणायचं का? आत मदरबोर्डवर हिरवा दिवा लागतो का?"

मला काय ठाऊक! मी घरी फोन लावला. मुक्तानं वही काढली आणि वाचलं, "मागचं काळं बटण चालू केल्यावर बाजूच्या जाळीतून आत बारीक हिरवा उजेड दिसला. बाबाला सांगितलं. बाबा म्हणाला, असू दे."

मी ते काकांना सांगितलं, शेवटचं वाक्य गाळून.

काका हसले. "मग एसएमपीएस नका घेऊ. थोडी तरी वीज आत पोचतेय. पेटी घेऊन या."

बघा, विकायला माल समोर असताना त्यांनी तो विकला नाही! १९९१ साली ज्या पुण्यात सी-डॅकनं 'परम' हा महासंगणक तयार केला, त्याच पुण्यात मी एका जुन्या पेटीपुढे हात टेकले होते. पण शहाणपण महासंगणकाच्या इमारतीत असतं तसं जिन्याखालीही असतं.

संध्याकाळी रिक्षातून पेटी मांडीवर घेऊन मी आणि मुक्ता हजर झालो. काकांनी झाकण काढलं, ब्रशनं धूळ झटकली आणि मुक्ताला जवळ बोलावलं. "हे बघ बाळ. कॉम्प्युटरचं बटण ट्यूबलाइटच्या बटणासारखं नसतं. ते स्वतः वीज जोडत नाही, ते फक्त निरोप देतं. बटणापासून या दोन बारीक वायरी मदरबोर्डवरच्या या दोन खिळ्यांवर येतात. बटण दाबलं की क्षणभर हे दोन खिळे जोडले जातात. मग मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो, 'चल, काम सुरू कर.' तुमच्याकडे सगळे तयार बसलेत. निरोपच पोचत नसेल तर?"

त्यांनी त्या वायरी काढल्या आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन खिळ्यांना अगदी क्षणभर टेकवलं.

घर्रर्र! पंखा फिरला. मुक्तानं टाळ्याच वाजवल्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, तेही हसायला लागलं.

बिघाड होता तो समोरच्या बटणात. आतला खटका झिजून मुका झाला होता. तसं बटण आता मिळणं कठीण, पण काकांनी युक्ती केली. शेजारी रिसेटचं छोटं बटण होतं. त्याच्या वायरी काढून त्यांनी मुख्य बटणाच्या जागी लावल्या. झालं! आता नानांचा कॉम्प्युटर मोठ्या बटणानं नाही, धाकट्या बटणानं चालू होतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही संपली होती. ती घड्याळ चालू ठेवते, म्हणून कॉम्प्युटर भलतीच जुनी तारीख सांगत होता. तीही बदलली.

निघताना काका म्हणाले, "अन् हो, कॉम्प्युटर चालू झालाच नसता तरी लिखाण गेलं असं नसतं. लिखाण या हार्ड डिस्कमध्ये असतं. ती धड असेल तर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. पण ती बिघडली तर मात्र पंचाईत. म्हणून एकाच जागी काही ठेवू नका."

घरी येताच मी पहिल्यांदा नानांची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवली. या खेपेला 'उद्या' नाही म्हटलं. मुक्तानं ती आपल्या लॅपटॉपवर उघडली आणि किंचाळली, "बाबा, मराठी कुठे गेलं?" पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं! पुन्हा धस्स झालं. पण कारण साधं होतं. त्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आता युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर स्वतःचा एकच क्रमांक आहे. आपल्या 'क'चा २३२५. त्यामुळे असा घोटाळा होत नाही. मग ठरलं, नानांच्या जुन्या कॉम्प्युटरवर वाचायचं आणि लॅपटॉपवर पुन्हा टाइप करायचं.

रोज चहानंतर मुक्ता वाचू लागली, नाना डोळे मिटून ऐकू लागले. सहाव्या दिवशी शेवटचं पान आलं. पाणी वाड्याच्या पायरीला लागलंय, छोट्या नानांनी कागदांची ट्रंक उचललीय, आणि आई ओरडतेय, 'ट्रंक ठेव, बहिणीचा हात धर...'

तिथेच लिखाण संपलं होतं.

"पुढे, नाना?" मुक्तानं विचारलं.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, ट्रंक सोडली ही माझी चूक. म्हणून पुढचं लिहवेना. आता लिही तू. मी ट्रंक ठेवली आणि तिचा हात धरला. पर्वतीच्या दिशेनं धावत सुटलो. हात काही सुटू दिला नाही."

मुक्तानं ते टाइप केलं, पेन ड्राइव्हवर उतरवलं, आणि एक प्रत छापून आत्याकडे पाठवली. आत्या म्हणजे तीच, जिचा हात धरला होता ती.

मित्रांनो, तुमच्या घरचं काही बंद पडलं तर लगेच 'गेलं' म्हणू नका. वही काढा, सोप्यापासून सुरू करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जिथे धोका असेल तिथे थांबून जाणत्याला विचारा. आणि एखादी आठवी-नववीतली मुलगी 'आत हिरवा उजेड दिसतोय' म्हणाली, तर 'असू दे' म्हणू नका. हे शेवटचं मात्र तुमच्या आई-बाबांना वाचून दाखवा!