व्होल्गाकाठचा कोट

संगमावरचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाट आणि देवळे येतात. रशियात व्होल्गा आणि ओका यांच्या संगमावर वसलेल्या निझ्नी नोव्हगोरोद शहरात मात्र प्रथम नजरेत भरतो तो उंच कड्यावरचा तांबड्या विटांचा कोट. पुढे आपल्या चौलला उतरलेला प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात याच गावावरून गेला. पण तेव्हा हा कोट नव्हता.

काझानच्या खानाची धास्ती म्हणून सोळाव्या शतकाच्या आरंभी मॉस्कोच्या राज्यकर्त्यांनी तो बांधविला. १५०८ साली एक इटालियन स्थपती कामावर आला. तट सुमारे दोन किलोमीटर, बुरूज तेरा. कड्यावरून नदीकडे उतरताना हा तट जणू जिन्याच्या पायऱ्याच उतरतो.

शत्रूला हा कोट कधीच घेता आला नाही. एक बुरूज ढासळला, तो उतारावरची जमीन खचल्यामुळे. २०१२ साली तो पुन्हा उभा राहिला.

१५५२ साली काझान पडले आणि कोटाची गरज ओसरली. तरी त्याचे नाव गाजायचे होते. १६११ साली मॉस्को पोलिश फौजेच्या हाती असताना येथल्या कुझ्मा मिनिन नावाच्या खाटकाने देशासाठी गावापुढे झोळी पसरली. लोकांनी ती भरली. त्या पैशांवर उभ्या राहिलेल्या सैन्याने, सरदार पोझार्स्कीच्या हाताखाली, १६१२ साली मॉस्को सोडविले. मिनिनच्या अस्थी आज कोटातल्याच चर्चमध्ये आहेत. परदेशी स्थपतीने तट उभारला खरा. पण त्याला मान मिळवून दिला तो गावच्या खाटकाने!