मनगटाचा जमाखर्च

रायपूर,
आषाढ शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळास,

तुझे पत्र पावले. गळाच्या नव्या काठीने तासाभरातच मनगट भरून येते आणि दुकानदाराने त्यावर अधिक वजनदार रीळ घेण्याचा तोडगा सुचविला आहे, हा मजकूर वाचून, तू पैसे मोजण्यापूर्वीच माझे चार शब्द तुझ्या हाती पडावेत म्हणून लगोलग लिहावयास बसलो. सवडही आहे, कारण १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत, माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून, छत्तीसगढातील नद्यांत व त्यांना जोडलेल्या जलाशयांत मासेमारीस सरकारी मनाई असते, आणि त्या मुदतीत आमच्यासारख्यांना काठ्या पुसणे व त्यांचा तोल पाहणे एवढाच उद्योग उरतो.

तोल पाहण्याचा शिरस्ता असा, की रिळावर दोरा पूर्ण भरून ते काठीला बसवावे, मुठीच्या किंचित पुढे तर्जनीचा आधार द्यावा आणि काठी आडवी राहते की टोकाकडे झुकते ते न्याहाळावे. ही परीक्षा त्याज्य नाही, परंतु फसवी आहे. समज, तुझी काठी १५० ग्रॅमची असून, रिळाचा दांडा तू ज्या दोन बोटांत धरतोस तेथून तिचा गुरुत्वमध्य २४ सेंटिमीटर पुढे आहे. ३०० ग्रॅमचे रीळ लावले की उभयतांचा गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटरांवर येतो. ४५० ग्रॅमचे लावले तर ६ वर. दुकानदार म्हणेल, पाहा, तोल साधत चालला! पण रीळ जेथे लटकते ती तुझ्या मुठीचीच जागा, आणि बिजागरीपाशी ढकललेले दार जसे हलत नाही तसे मुठीतले वजन टोकाला उचलीत नाही. वजन गुणिले अंतर हा हिशेब दोन्ही वेळा ३६०० च येतो, म्हणजे मनगटावरचा ताण तसूभरही न घटता दंडाच्या खाती मात्र दीडशे ग्रॅमांचा नाहक बोजा पडतो.

रिळाची बैठक सरकती असेल तर प्रथम तीच ४ सेंटिमीटर पुढे घे. एक ग्रॅमही न वाढविता ३६०० चे ३००० होतात. बैठक पक्की असेल तर बुंध्याशी, मुठीच्या ३० सेंटिमीटर मागे, ६० ग्रॅम शिसे बांध, म्हणजे १८०० ची वजावट होऊन ओझे निम्म्यावर येईल. मात्र ते कापडी पट्टीने तात्पुरतेच बांध आणि एखादी संध्याकाळ अंगणात फेक करून पाहा. कारण काठी धरण्यातला समतोल आणि ती फेकण्यातली लघुता या भिन्न गोष्टी असून, बुंध्याचे शिसे प्रत्येक फेकीत काठीबरोबर फिरवावेच लागते. म्हणून निम्म्यावर थांबावे असे माझे मत आहे; काठी तंतोतंत आडवी करण्याचा अट्टाहास प्रदर्शनात ठीक. शिवाय कटला गळाला लागला की टोकावरच्या त्या ओढीपुढे आपल्या ६० ग्रॅमांना कोण विचारतो!

खारून नदीकाठी महादेवघाटावर साध्या बांबूची गरी घेऊन बसणारा मनुष्य हा सारा प्रपंच टाळतो. तो बुंधा कोपराखाली दाबून धरतो, आणि जो ताण एकट्या मनगटाने सोसावयाचा तो अग्रबाहूवर वाटला जातो. तुझ्या काठीचा बुंधा तेवढा लांब असेल तर हेही करून पाहा.

जाता जाता एक. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचताना मत्स्यविनोदाला स्वतंत्र प्रकरण दिले, आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो ग्रंथ संपादिल्यामुळे ते आपणांसही वाचता येते. तुझ्या आईस हा छंद रिकामटेकड्यांचा वाटतो. तिला हे अवश्य ऐकव.

रीळ तूर्त घेऊ नकोस. काठीचे वजन आणि मुठीपासून गुरुत्वमध्याचे अंतर पुढील पत्री कळव, म्हणजे शिसे किती लागेल ते मी लिहून पाठवीन. मनाई उठल्यावर धमतरीजवळच्या गंगरेलच्या जलाशयावर जाऊ; परवान्याची चौकशी मी इकडे करून ठेवतो.

तुझा,
मामा