इचलकरंजीतील एक पहाट

नरसोबाच्या वाडीस दर्शनाला जाताना वाट थोडी वाकडी करून इचलकरंजीस उतरावे, असा आमचा जुना परिपाठ आहे. पंचगंगेकाठचे हे गाव नारो महादेव जोशी यांच्या घराण्याच्या जहागिरीचे. सेनापती संताजी घोरपडे यांचे उपकार स्मरून त्यांनी धन्याचेच आडनाव लावले, ही कथा वाचकांस ठाऊक असेलच. येथेच 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला आणि पाहता पाहता गावाचे कापडाचे शहर झाले. आज रात्री केव्हाही जाग आली, तरी कोठून तरी मागांचा खडखडाट कानी येतोच.

गेल्या खेपेस आम्ही उतरलो ते एका ख्रिस्ती स्नेह्यांकडे. ते सेवानिवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरास आले. त्यांच्यामागून या प्रांतात जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, तीपैकीच मास्तरांचे घराणे. त्यांच्या पत्नी वारल्यानंतरची आमची ही पहिलीच भेट होती. अशा वेळी आपल्या तोंडी जे शब्द आपोआप येतात, तेच आमच्याही तोंडी आले. आम्ही म्हणालो, “मास्तर, देह गेला, आत्मा तर अमर आहे. जुने वस्त्र टाकून जीव नवे घेतो. मग शोक कशाला करावा?”

मास्तर क्षणभर काही बोलले नाहीत. मग सौम्यपणे म्हणाले, “नाना, तुमची माया मला कळते. पण आमची आशा ती नव्हे. उद्या ईस्टर आहे. पहाटे माझ्याबरोबर चला.”

उजाडण्यापूर्वीच आम्ही दफनभूमीत पोहोचलो. पाचपन्नास माणसे जमली होती. थडग्यांवर फुले वाहिलेली, मेणबत्त्या लावलेल्या. भजन चालू असताना पूर्व उजळली. ज्या दिवशी येशू मेलेल्यांतून उठला, त्या दिवसाचे स्मरण आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी उभे राहून करावयाचे, यातील मर्म परतताना मास्तरांनी उलगडून सांगितले.

आपण आत्म्यास अविनाशी मानतो आणि देहास तात्पुरते वस्त्र. ख्रिस्ती श्रद्धेत मनुष्य एकदाच जन्मतो व एकदाच मरतो. पुढे जन्ममरणाचा फेरा नाही, न्याय आहे. देह ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, तीही देवाचीच निर्मिती. म्हणून अखेरच्या दिवशी देव मनुष्यास देहासह उठवील, असे ते उपासनेत एकमुखाने बोलून दाखवितात. इ. स. 55 च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीस जे पत्र लिहिले, त्यात हा विषय सविस्तर आला आहे. पेरलेले बी आणि उगवलेले रोप यांचा दृष्टान्त तो देतो; आणि आश्चर्य असे की, त्यालाही वस्त्राचाच दृष्टान्त सुचला! मात्र त्याच्या मते जीव जुने वस्त्र टाकीत नाही. हे मर्त्य शरीरच अमरत्व पांघरते.

सार्वकालिक जीवन म्हणजे तरी केवळ न संपणारा काळ नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे देवास ओळखणे हेच ते जीवन, आणि त्याचा आरंभ येथेच होतो. आम्ही श्राद्धाविषयी विचारले. रोमन कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात; मास्तरांच्या प्रॉटेस्टंट पंथात मृतास देवाच्या हाती सोपवून स्वस्थ राहतात.

“मग देह जाळला तर?” आम्ही शंका काढली. मास्तरांनी रेव्हरंड टिळकांचे उदाहरण दिले. चित्पावन कुळात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि 1919 साली मुंबईस वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. कॅथलिक धर्मपीठानेही 1963 साली दहनास मोकळीक दिली. ज्याने मातीतून मनुष्य घडविला, त्याला राखेची काय अडचण?

एक गोष्ट मात्र आमच्या मनास लागून राहिली. ‘शोक कशाला’ असे आम्ही म्हणालो होतो. ख्रिस्ती धर्मग्रंथात मृत्यूला शत्रू म्हटले आहे. लाजर नावाच्या मित्रास आपण उठविणार हे येशूला ठाऊक होते, तरीही त्याच्या बहिणीचे रडणे पाहून तो स्वतः रडला. म्हणजे आशा असली तरी अश्रूंना तेथे मज्जाव नाही. आणि आम्ही तर मास्तरांचे अश्रूच पुसून टाकावयास निघालो होतो!

सायंकाळी पंचगंगेच्या घाटावर बसलो असता आमच्या वडिलांचे दिवस आठवले. काकस्पर्शाची वाट पाहत आम्ही किती वेळ ताटकळलो होतो! त्या वेळी कोणी परधर्मीयाने त्याचे तत्त्वज्ञान आम्हांस ऐकविले असते, तर ते आम्हांस रुचले असते काय? समाचारास जाताना आपण आपल्याच घरचे सांत्वन घेऊन जातो. ज्याचे दुःख आहे त्याच्या घरी कोणते चालते, हे विचारीत नाही.

निघताना मास्तरांनी पेटी उघडून पत्नीचे एक लुगडे दाखविले. ते कोणास द्यावयास त्यांचा हात होत नव्हता. या वेळी आम्ही काही बोललो नाही. मास्तर बाईंच्या आठवणी सांगत राहिले, आणि आमची गाडी चुकली तरी आम्ही ऐकत राहिलो.